शेवटी नाक टोचलंच

नाक टोचलं म्हटलं की समोरची बाई पहिला प्रश्न हाच विचारते, किती दुखलं गं? दुखतं, पण क्षणभर. मला आता वाटतं की हे सगळ्यात शेवटी विचारावं, त्याच्या आधी कोणी टोचलं, कशाने टोचलं, आत घातलेला धातू कुठला आणि नंतर काय काळजी घेतलीस हे विचारावं, कारण टोचणं क्षणाचं असतं आणि ती जखम पुढे कितीतरी महिने चेहऱ्याच्या मधोमध घेऊन फिरायची असते. म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

आमच्याकडे आजीचं नाक टोचलेलं होतं, तिच्या सगळ्या बहिणींचं टोचलेलं, आईचं मात्र नाही. शिकून नोकरीला लागलेल्या आईच्या बऱ्याच मैत्रिणींचंही नाही. त्या पिढीने घराघरांत चापाची नथ आणली आणि मी पण लग्नकार्यात तीच लावत आले. चाप घट्ट केला तर तासाभरात नाकपुडी ठणकायला लागते आणि सैल केला तर नथ घसरून ओठावर येते, ज्यांनी लावलीय त्यांना माहितीय. पण खरं सांगायचं तर मला नथीपेक्षा चमकी हवी होती, रोजच्या वापरातली, ऑफिसला जाताना, भाजी आणायला जाताना, कायम नाकात असलेली. कॉलेजपासून हवी होती. घरात कोणी नको म्हटलं नव्हतं, फक्त दरवेळी काहीतरी आड यायचं, परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, मग बाळंतपण, आणि २०२४ च्या दिवाळीनंतर मी ठरवलं की या थंडीत करायचंच. थंडीत यासाठी की पुण्यात उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात दमट, ताज्या जखमेला दोन्ही त्रासाचं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आता कशाला गं? लहानपणी टोचलं असतं तर कळलंही नसतं." आत्या मिरजेला असते, ती मात्र एकदम खूश. "इकडे ये, आपल्या सोनारकाकांचा हात हलका आहे, सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते काय उगीच?" मग तिने डाव्या नाकपुडीचा संबंध बाळंतपणाशी असतो, वेदकाळापासून चालत आलंय वगैरेही सांगितलं. आत्यावर माझा जीव आहे पण हे मला पटत नाही. डाव्या नाकपुडीमुळे बाळंतपण सोपं होतं याला काही शास्त्रीय पुरावा नाही, आणि वेदकाळाचं म्हणाल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकातच नथीच्या इतिहासावर संशोधन करून दाखवलं होतं की जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख सापडत नाही, जे पुरावे मिळतात ते गेल्या हजारेक वर्षांतले. अजिंठ्याची चित्रं आठवून बघा, गळ्यात, कानात, दंडावर, केसांत इतके दागिने आणि नाक मोकळं. मला यात वाईट काही वाटत नाही, हजार वर्षं म्हणजे काय कमी झाली का? आणि डावीकडेच टोचायचं यासाठी आपल्याकडे नथ डावीकडे घालतात एवढं कारण मला पुरेसं आहे. तामिळनाडूत उजवीकडे, कित्येकदा दोन्हीकडे टोचतात, त्यांच्याही पोरी होतातच की बाळंत.

सोनाराकडे जायचं की नाही यावर मात्र मी खूप विचार केला, कारण सोनाराच्या पद्धतीत शहाणपण आहे. आमच्या लहानपणी कान टोचले तेव्हा सोन्याची बारीक तार, टोक कानशीने तासून धार केलेलं, तीच तार आरपार घालून वळवून टाकायची. सोनं सहसा अंगाला बाधत नाही, तार मोकळी असते, सूज आली तरी तिला जागा मिळते, मागून फिरकी रुतायचा प्रश्नच नाही. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, उरलेलं साधारण तांबं आणि चांदी. पण माझी अडचण स्वच्छतेची होती. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं किंवा ज्योतीवर धरणं म्हणजे निर्जंतुक करणं नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस तरी जिवंत राहू शकतो, आणि एकाच चिमट्याने, त्याच हातांनी सकाळपासून पाच जणींचे कान-नाक झालेले असतील तर हात कितीही हलका असू दे, मला भीती वाटणारच. आत्याला हे सांगितल्यावर ती जरा फुरंगटली, पण मग म्हणाली, बरं, तुला जिथे विश्वास वाटतो तिथे कर.

दुसरा पर्याय गनचा. मॉलमध्ये, इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात, पार्लरमध्ये, सगळीकडे ती गन असते, दोनशे-तीनशे रुपयांत काम होतं. माझ्या मामेबहिणीने असंच एका दुकानात नाक टोचून घेतलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकपुडी इतकी सुजली की चमकीचा खडा कातडीच्या आत गेला. शेवटी डॉक्टरकडे जाऊन काढावी लागली, भोक बुजलं ते बुजलंच, वर एक डाग राहिला. गनमध्ये मुळात सुई नसते हे कित्येक जणींना माहिती नसतं. त्यात चमकीच बोथट टोकाने जोरात आत ढकलली जाते, म्हणजे कातडी कापली जात नाही, फाटते आणि चेचली जाते. कानाच्या मऊ पाळीला ते एक वेळ चालून जाईल, नाकपुडीला नाही. शिवाय बहुतेक गन प्लॅस्टिकच्या, त्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाहीत, नुसत्या पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला. अमेरिकेत प्रोफेशनल पिअर्सर लोकांची असोसिएशन आहे, ते कित्येक वर्षं हेच सांगतायत की गन वापरू नका. मी तर म्हणते बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल पण नाकाला गन लावून घेऊ नका.

मग राहिला टॅटू-पिअर्सिंगचा स्टुडिओ. मी जाऊन आधी नुसतं बघून आले. टोचणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान, पण मी जे विचारलं त्याची तिने न वैतागता उत्तरं दिली, आणि मला वाटतं हीच खरी परीक्षा. सुई नवी वापरता का, तर हो, सीलबंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडणार आणि नंतर तुमच्यासमोरच वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकणार. ऑटोक्लेव्ह आहे का, तर आतल्या खोलीत नेऊन दाखवला. १२१ डिग्री, १५ पौंडाचा दाब, आपला घरचा कुकर साधारण त्याच दाबावर चालतो, फक्त इथे ते ठरावीक वेळ टिकवून, मोजून केलेलं असतं. चमकी आणि चिमटे ज्या पाकिटात असतात त्यावर एक पट्टी असते, वाफेत नीट गेलं की तिचा रंग बदलतो. तो बदललेला रंग तिने मला बोट लावून दाखवला.

धातूचं सगळ्यात महत्त्वाचं. मला इमिटेशनचे कानातले घातले की संध्याकाळपर्यंत पाळी खाजते, लस येते. जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी पुरळ येतं. हे निकेल या धातूच्या ॲलर्जीचं लक्षण, स्किनच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं. मला वाटायचं सर्जिकल स्टील म्हणजे एकदम सेफ, नावातच सर्जिकल आहे, पण ते जे ३१६ एल म्हणतात त्यात १० टक्क्यांहून जास्त निकेल असतंच, घट्ट बांधलेलं असतं म्हणून बऱ्याच जणांना बाधत नाही इतकंच. व्हाइट गोल्डमध्येही कधीकधी निकेल मिसळतात, तेव्हा हिऱ्याची चमकी व्हाइट गोल्डमध्ये घेणाऱ्यांनी सोनाराला स्पष्ट विचारावं. मी घेतलं इम्प्लांट ग्रेडचं टायटॅनियम, एएसटीएम एफ-१३६ या मानकाचं, हाडांत बसवायच्या स्क्रू-पट्ट्यांसाठी वापरतात ते. वजनाला अगदी हलकं. दिसायला करडं-चंदेरी, सोन्यासारखं नाही, आईला ते अजून आवडत नाही.

ज्या दिवशी गेले त्या दिवशी शनिवार होता, नवरा बरोबर होता, पोरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलेलं. जेवून गेले, टोचणाऱ्या मुलीने फोनवरच बजावलं होतं की उपाशीपोटी यायचं नाही, चक्कर येते. आधार कार्ड दाखवलं, फॉर्म भरला, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, डायबेटिस आहे का, घरात कोणाला केलॉइड, म्हणजे जखमेवर वाढत जाणारे जाड वण, येतात का, प्रेग्नंट आहात का असं सगळं. मग जागा ठरवणं. यात मी घाई करू दिली नाही आणि तिनेही केली नाही. चमकी छान दिसते ती नाकपुडीच्या वळणात, जरा वर. पण मला पुढे नथही घालायची होती, आणि नथीची तार ठरावीक लांबीची असते, ती भोकातून येऊन नाकपुडीच्या कडेखालून वळते, म्हणजे भोक फार वर गेलं तर नथ बसणारच नाही, ओढली जाईल. हे तिला सांगितल्यावर ती थांबली, मी बरोबर नेलेली नथ हातात घेऊन नाकापाशी धरून बघितली, जांभळ्या पेनने ठिपका काढला, मला हसायला सांगितलं, पुसला, एक-दीड मिलिमीटर खाली काढला. समोरून, बाजूने, आरशात, नवऱ्याला पण विचारलं. ज्यांना नथ घालायची आहे त्यांनी नथ बरोबर न्याच, एवढं नक्की सांगेन.

बधिर करायचं क्रीम मी मागितलं होतं, तिने नको म्हटलं. त्याने कातडी फुगते, निसरडी होते, ठिपक्याची जागा हलल्यासारखी होते. पटलं. खुर्ची मागे केली, हातमोजे बदलले, नाक बाहेरून आतून साफ केलं, नाकाच्या आत एक छोटी नळी धरली, सुई आरपार आली की ती नळीत जावी, मधल्या पडद्याला लागू नये म्हणून. सुई आतून पोकळ, १८ गेजची, म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाड. म्हणाली, "ताई, डोळे मिटा, मोठा श्वास घ्या, आता हळूहळू सोडा." सोडताना मध्येच एक कचकन आवाज आला, म्हणजे बाहेर कोणाला ऐकू गेला नसेल पण मला आतून ऐकू आला, आणि एक तीक्ष्ण, गरम कळ थेट डोळ्यापर्यंत गेली आणि डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली, फक्त डाव्या. रडू नव्हतं ते. नाकाची आणि डोळ्याची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्या वाहतात, त्यामुळे ते आपोआप होतं, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. मला तर त्यामागोमाग शिंकही आली, तिने आधीच हात बाजूला घेतला होता. दुसरी कळ चमकी आत सरकवताना, सुईच्या मागोमाग, ती पहिलीपेक्षा कमी पण जास्त वेळ चालणारी. मागे चपटी चकती, पुढे छोटा गोल दाणा, दाबून बसवला. रक्ताचा एक थेंब. आरसा हातात दिला.

मी काय सांगू, इतकी वर्षं मनात होतं ते चेहऱ्यावर दिसलं. नाकाचा शेंडा लाल, डोळा ओला, आणि तो ठिपका बरोब्बर जिथे हवा तिथे. नवऱ्याला म्हटलं चल, मस्तानी पाजते, आणि आम्ही खरंच गेलो.

आता खरं काम इथून सुरू होतं. पहिले काही दिवस ठणका, नाक शिंकरता येत नाही, नुसतं टिपायचं, आणि पहाटे उठून बघावं तर दाण्याच्या कडेने पांढरट-पिवळी खपली. तो पू नसतो, लस वाळून बसते ती, नखाने काढायची नाही. सलाइनने ओली करून मऊ झाली की आपोआप निघते. सलाइनची एक गंमत लक्षात ठेवा, मेडिकलमध्ये नुसतं सलाइन द्या म्हटलं की बऱ्याचदा सर्दीचे नाकात घालायचे ड्रॉप्स हातात देतात. ते ०.६५ टक्क्यांचे असतात आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं. आपल्याला हवं ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, नॉर्मल सलाइन, आत दुसरं काहीही नको. लेबल वाचूनच घ्या. मी १०० मिलीच्या बाटल्या आणायचे, नवी सिरिंज लावून थोडं काढायचं, गॉजवर घेऊन धरायचं, दिवसातून दोनदा, बास. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची, उघडली की ती निर्जंतुक राहत नाही. आणि कापसाने पुसायचं नाही, तंतू अडकतात.

सल्ले तर विचारू नका. हळद-खोबरेल लाव, चमकी रोज फिरवत जा, कडुलिंबाची काडी घाल, बीटाडिन लाव, शेजारच्या काकूंनी तर टूथपेस्टपर्यंत मजल नेली. सगळ्यांच्या मायेपोटी आलेलं, मी कोणाला तोडून बोलले नाही, पण यातलं काही केलं नाही. तेलाने जखमेला हवा लागत नाही आणि घाण चिकटून बसते, हळदीचे कण आत राहतात, बीटाडिन आणि स्पिरिट रोज लावलं तर नव्याने भरणारी कातडीच जळते, आणि फिरवणं सगळ्यात वाईट, आत जी नाजूक कातडी धरायला लागलेली असते ती दरवेळी फाटते. नाक बाहेरून आत भरत येतं. बाहेरून पंधरा दिवसांत एकदम छान दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं झालं की, तेव्हा आत अजून कच्ची जखम असते. चार ते सहा महिने धरून चालायचं, काहींना त्याहून जास्त.

पुण्यातल्या मुलींना एक वेगळीच अडचण, ती म्हणजे स्कार्फ. गाडीवर तोंडाला गुंडाळलेला तो स्कार्फ पार्किंगमध्ये घाईत सोडताना त्याची झिरझिरीत कड चमकीच्या दाण्यात अडकली आणि मी पुढे ओढला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तिथेच गाडीला धरून उभी राहिले. नंतर स्कार्फ बंद, फुल फेस हेल्मेट आणि साधा सुती मास्क. टॉवेलने तोंड पुसणं बंद, टिश्यूने टिपायचं. ड्रेस डोक्यातून घालताना गळा हाताने पुढे धरायचा. पोरगी कडेवर असली की तिचा हात पहिला नाकाकडे, तिला समजावून सांगितलं की आईला बाऊ झालाय, तर ती लांबून फुंकर घालायला लागली.

दोनेक महिन्यांनी दाण्याच्या शेजारी एक लालसर गुठळी आली, मसुराएवढी. मी घाबरले, केलॉइडच वाटलं. स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट समजावलं, केलॉइड जखमेची हद्द ओलांडून पसरत जातो, वाढतच राहतो, आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्याचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण ही गुठळी भोकाच्या कडेलाच आहे, ही घर्षणाने आलेली आहे. पिअर्सिंगवालीकडे गेले तर तिने कारण लगेच दाखवलं. सुरुवातीला सूज येणार म्हणून दांडी मुद्दाम लांब घालतात, सूज उतरली की तीच लांब दांडी आतबाहेर हलत राहते, झोपेत उशीला लागून कलते, आणि तिथे गुठळी धरते. म्हणून सूज उतरल्यावर आखूड दांडी बदलून घ्यायचीच असते, पैसे वाचवायला ही फेरी टाळू नये. आखूड दांडी घातली, उजव्या कुशीवर झोपायला लागले, आणि गुठळी हळूहळू बसत गेली. त्यावर टी ट्री ऑइल, ॲस्पिरिनची पेस्ट वगैरे लावतात असं बघितलं होतं, डॉक्टर स्पष्ट नको म्हणाले, जळते कातडी. आणि एक, ताप आला, नाक गरम होऊन लाली गालाकडे पसरायला लागली, हिरवट पू आला तर घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. नाकाच्या आजूबाजूचा भाग असा आहे की तिथलं इन्फेक्शन क्वचित का होईना पण आत मेंदूकडे जाऊ शकतं. आणि तेव्हाही चमकी आपल्या मनाने काढायची नाही, वरून भोक बुजतं आणि पू आतच कोंडतो.

एका गोष्टीचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. मी दरवर्षी गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्तदान करते. यंदा फॉर्मवर टॅटू-पिअर्सिंगचा प्रश्न आला, खरं लिहिलं, आणि परत पाठवलं, कारण आपल्याकडे टोचल्यापासून १२ महिने रक्त देता येत नाही. नियम बरोबरच आहे, सुया कशा वापरलेल्या असतील हे रक्तपेढीला कसं कळणार, आणि म्हणून तिथे खोटं लिहू नये. पण नियमित रक्त देणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं, जमलं तर रक्त देऊन मग नाक टोचायला जावं.

आता नाक पूर्ण भरलंय. दाबलं तरी दुखत नाही, खपली येत नाही. दिवाळीत आत्याकडे गेले होते तेव्हा तिच्या त्याच सोनारकाकांनी नाक नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "जागा झकास धरलीय, नथीला अगदी बरोबर." त्यांच्याकडेच आता नथ टाकलीय, २२ कॅरेटमध्ये, मोत्याची, मध्ये एक लाल खडा, वजनाला हलकी सांगितलीय कारण नव्या भोकाला एकदम भार नको. तार माझ्या भोकाच्या मापाने ओढून देणार आहेत. चापाची नथ मी मावसबहिणीला देऊन टाकली, तिचं अजून ठरत नाहीये.